वडनेरचा निरोप

शांतवनभाऊ गेल्याचं मला सकाळी सव्वासातला कळलं, आणि साडेसातला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचे अध्यक्ष फोनवर होते. "सेक्रेटरीसाहेब, श्रद्धांजलीचा मजकूर तुम्हीच लिहा. ग्रुपवर लगेच टाकायला हवा. तुमच्या हाताला वळण आहे." मी बिछान्यावर बसूनच लिहिलं. 'मंडळीचे ज्येष्ठ सुवार्तिक', 'शिष्यत्वाच्या कार्याला वाहिलेलं आयुष्य', 'भरून न येणारी पोकळी'... पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला असे शब्द शोधावे लागत नाहीत, ते आपोआप येतात. मजकुराखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्याच हाताने पावणेदोन वर्षांपूर्वी मी त्यांना वडनेर आणि समुद्रपूरला जाणं बंद करण्याचं पत्र लिहिलं होतं. त्या पत्राचंही असंच कौतुक झालं होतं. भाषा फार संयमित आहे, असं अध्यक्ष म्हणाले होते.

आज या गोष्टीला सात आठवडे झाले. वर्ध्यालगत पिपरी मेघ्याला आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरापासून चौथं. बावीस वर्षं शेजार. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, मला नुसतं 'प्रकाश' म्हणणारे गल्लीतले एकटेच. मूळचे समुद्रपूरकडचे, कापसाच्या जिनिंगमधल्या कामगाराचा मुलगा. बोलणं अखेरपर्यंत तिकडचंच राहिलं. शहरातल्या व्यासपीठावर त्यांना क्वचितच उभं केलं जायचं, त्याचं एक कारण ते बोलणंही होतं, हे आता लिहायला हरकत नाही.

ज्यांना आमच्या चर्चमधले शब्द माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पाळक एका जागी राहून मंडळी सांभाळतो, सुवार्तिक गावोगाव फिरतो. लोकांना वाटतं, सुवार्तिकाचं काम म्हणजे भाषण करणं आणि माणसं वाढवणं. शांतवनभाऊंना ते मान्यच नव्हतं. वडनेरला पाच-सहा ख्रिस्ती घरं आजोबांच्या काळापासून होती, पण त्यांना शिकवणारं कुणी राहिलं नव्हतं. नाताळला वर्ध्याला यायचं, लग्नाला पाळक बोलवायचा, एवढाच धर्म उरलेला. भाऊ दर गुरुवारी एसटीने जायचे आणि त्या घरांतल्या बायाबापड्यांना बायबलमधलं वचन वाचायला, त्याचा अर्थ काढायला, आजाऱ्याजवळ बसून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकवायचे. रुक्माबाई नावाची कापूस वेचायला जाणारी बाई पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे अक्षरं शिकली आणि तीन वर्षांत तिच्याच घरातली प्रार्थना चालवू लागली. मी एकदा भाऊंना विचारलं होतं, "तीच सगळं करते, तर तुम्ही कशाला जाता?" ते हसले. "म्हनूनच तं आता महिन्यातून एकदाच जातो. सुवार्तिक म्हंजे बाळंतपनाले आलेली सुईन, प्रकाश. सुईननं घरातच ठान मांडलं, तं लेकरू आईचं कवा होईन?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. कमिटीच्या बैठकीत ते मी माझं म्हणून वापरलंसुद्धा. पण बैठकीत अहवालाचा छापील तक्ता असायचा आणि त्यात 'नवीन किती' असा एक रकाना असायचा. भाऊ तो रकाना कोरा ठेवायचे. अध्यक्षांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "अकरा वर्षं तुम्ही वडनेरला जाता, आणि इथे काहीच नाही?" भाऊ म्हणाले, "जे हायेत ते पायावर उभे होऊन राह्यले ना जी. त्याचा रकाना कुटं हाये तक्त्यात?" काही जण हसले. मीही हसलो, आणि टिपणात लिहिलं, 'सुवार्तिकांनी समाधानकारक उत्तर दिले नाही.'

शहरातल्या मंडळीतही त्यांनी हे करून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी शिष्यत्वाचा वर्ग, म्हणजे ऐकलेलं वचन जगायला शिकण्याचा. पहिल्या शनिवारी हॉल भरला, कारण भाऊ बोलणार असं सगळ्यांना वाटलं होतं. ते बोललेच नाहीत. प्रत्येकाला एक प्रश्न दिला आणि पुढच्या आठवड्यात ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी जाऊन यायला सांगितलं. सहाव्या शनिवारी चौघं उरले. मी दुसऱ्या शनिवारपासूनच गेलो नव्हतो. आम्हाला ऐकायला आवडायचं. ऐकून झालं की घरी जाता येतं.

मग बाहेरून एक प्रवक्ते, म्हणजे मोठ्या सभांत उपदेश करणारे, आले. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. आवाज मोठा होता, माणसं रडवायची हातोटी होती, आणि त्यांच्या सभांचे व्हिडिओ अध्यक्षांनी पाहिले होते. खेड्यांत जोरदार काम झालं पाहिजे, असं ठरलं आणि पहिली सभा वडनेरला लागली. भाऊ बैठकीत उठून उभे राहिले. मी त्यांना कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "तिथं भोंगा नका लावू. हात जोडतो मी तुमाले. रुक्माबाईच्या आंगनात अकरा साल भजन चालू हाये, भिंतीपलीकडचे नामदेवराव कास्तकार, हिंदू मानूस, बाजंवर बसून ऐकते. कोनाले तरास नाई, कोनाचा संशय नाई. तुमी एका दिवसाचे पाव्हने. तुमी जान निंगून, अन् राहाचं त्याइले हाये." अध्यक्ष म्हणाले, भाऊंना वडनेर दुसऱ्याच्या हाती सोडवत नाही. मतदान झालं. माझा हात सभेच्या बाजूने वर होता.

सभा झाली. मी गेलो होतो, रस्त्यालगतच्या मैदानावर खुर्चीत पहिल्या रांगेत होतो. फलक, दिवे, हिंगणघाटहून गाड्या भरून आणलेली माणसं. वडनेरची माणसं लांब उभी राहून बघत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही असं नाही... पाहिलं. प्रवक्ते त्याच रात्री नागपूरला गेले. दोन दिवसांनी नामदेवराव रुक्माबाईंच्या दारात आले. त्यांचे शब्द भाऊंनी मला जसेच्या तसे सांगितले होते. "बाई, तुमच्या प्रार्थनेचा आमाले कवाच तरास नव्हता. पन हे बॅनर, हे भोंगे... गावाले वाटते का इथं काई निराळंच चालू हाये. पोरं गरम होऊन राह्यली. थोडे दिवस बंद ठेवा. मी हात जोडतो." ते शेजारधर्मानेच आले होते. अकरा वर्षं चाललेली प्रार्थना त्या गुरुवारी बंद पडली. भाऊ असेच जिथे जायचे त्या समुद्रपूरच्या लोकांनी ते ऐकलं आणि भीतीने आपली प्रार्थनाही बंद केली. समुद्रपूरची आजही बंद आहे.

याचा दोष कुणाच्या तरी नावावर लिहिणं भाग होतं. बैठकीत असं निघालं की सुवार्तिकांनी गावाला नीट तयार केलं नव्हतं. मला पत्राचा मसुदा करायला सांगितला. 'सद्य परिस्थितीत आपण सदर गावांशी कोणताही संपर्क ठेवू नये.' पत्र द्यायला मीच गेलो, तीन घरं ओलांडून. भाऊंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, हे तुमचंच अक्षर हाये ना?" पत्र टाइप केलेलं होतं. त्या शब्दांविषयी बोलत होत्या. भाऊंनी त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "मंडळीचं पत्र हाये. मी मोडनार नाई." आणि खरंच मोडलं नाही. रुक्माबाईंचा फोन आला तर, "तुमी आता मले फोन नका करत जाऊ, चोरून बोलाचं नाई," एवढं सांगून त्यांनी ठेवला. हे आज्ञापालन मला तेव्हा शहाणपण वाटलं. आता वाटतं, आमच्यापैकी पत्राला असा मान देणारा तोच एक माणूस होता, आणि आम्ही तेच त्याच्याविरुद्ध वापरलं.

वर्षभराने एका रविवारी रुक्माबाई वर्ध्याला आल्या. उपासना सुटली होती, मी फाटकाशी होतो. भाऊ तापाने घरी होते. त्या दिवशी प्रथमच मी रुक्माबाईंशी बोललो. "घरी जात नाई मी, त्याइनंच मना केलं," त्या म्हणाल्या. "तुमी सेक्रेटरी, तुमी हक्कानं सांगू शकता. इतकंच सांगा का वडनेरचं पुना चालू झालं. आमचं आमीच करून राह्यलो. नामदेवरावच म्हनले, बाई, आता काऊन बंद ठेवता, भजन आयकू येत नाई तं गुरुवार सुना वाटते. सांगजा बरं. त्याइले चैन पडन."

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. कारण विचाराल तर मोठं काहीच नव्हतं. सांगितलं असतं तर ते बैठकीतही सांगावं लागलं असतं. वडनेरची माणसं आमच्याशिवाय, आमच्या प्रवक्त्यांशिवाय उभी राहिली, म्हणजे भाऊ बरोबर होते आणि माझं पत्र चूक होतं. कमिटीची निवडणूक जवळ होती. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. पुढे एकदा बाजारात ते मला भेटले. हातात मेथीची जुडी, अंगाने निम्मे झालेले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग खाली बघत त्यांनी विचारलं, "वडनेरचं काई समजलं का, प्रकाश? मी जात नाई, फोन करत नाई. पन कानावर आलं काई तं सांगशीन."

"नाही, काही नाही," मी म्हणालो.

"असन," ते म्हणाले. "अकरा साल गेले... कुटं तरी माझंच चुकलं असन." आणि मेथी पिशवीत घालून चालायला लागले. मी हाक मारू शकलो असतो. ते फार हळू चालत होते. त्यानंतर पाच महिन्यांनी ते झोपेतच गेले.

दफनविधीच्या दिवशी पाच जणांची भाषणं झाली. प्रवक्त्यांचा ध्वनिमुद्रित संदेश ऐकवला. अध्यक्षांनी शवपेटीवर शाल घातली आणि भाऊंचं शिष्यत्वाचं काम पुढे नेण्याची शपथ घेतली. वडनेरहून सात माणसं एसटीने आली होती. ती कबरस्तानाच्या भिंतीशी उभी होती. रुक्माबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दोन मिंट प्रार्थना करू का मी? त्याइनंच शिकवली." कार्यक्रमाचा कागद माझ्या हातात होता. मी म्हणालो, "कार्यक्रम ठरलेला आहे, बाई." त्यांनी वाद घातला नाही. मग म्हणाल्या, "त्याइले सांगतलं होतं ना तुमी?"

"हो."

"काय म्हनले?"

"खूप आनंद झाला त्यांना," मी म्हणालो. "डोळ्यांत पाणी आलं."

त्यांनी पदराने तोंड दाबून घेतलं. मग लगबगीने भिंतीकडे गेल्या आणि त्या सहा जणांना सांगू लागल्या. मी दुरून बघत होतो. सगळ्यांचे चेहरे उजळत गेले. त्या अख्ख्या कबरस्तानात तेवढेच चेहरे उजळलेले होते, आणि ते माझ्या खोटं बोलण्यामुळे.

हे घेऊन राहता येईना म्हणून गेल्या गुरुवारी मी वडनेरला गेलो. मंडळीचा बारा वर्षं सेक्रेटरी, आणि रुक्माबाईंच्या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडला. त्या सूप घेऊन डाळ पाखडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. निरोप दिला नाही हे, बाजारातलं, कबरस्तानातलं. सूप थांबलं.

"म्हंजे ते गेले तवा त्याइले मालूमच नव्हतं?"

"नाही."

"अन् डोयात पानी आलं म्हनले, ते तुमच्याच मनचं?"

"हो. मला माफ करा, बाई."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी हे साऱ्याइले सांगतलं. म्हाताऱ्या सासूले सांगतलं, नामदेवरावाले सांगतलं. आता परत कोन्या तोंडानं सांगू?... अन् माफी मले काऊन मांगता? ते होते तवा मांगाची." एवढं बोलून त्या उठल्या आणि डाळ आत ठेवून आल्या. मला जा म्हणाल्या नाहीत. "बस चारची हाये. आता लोकं येतीन. बसा."

माणसं आली, नऊ. खोलीत पुढे खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं, सगळे भिंतींना टेकून बसले. एका मुलीने वचन वाचलं. मग रुक्माबाई म्हणाल्या, "आता एकेक जन सांगा," आणि सगळे गप्प झाले. एकजण बोलला, पुन्हा सगळे गप्प. कुणी कुणाला मदत केली नाही, कुणी घाई केली नाही. ज्याची पाळी त्याच्याकडे सगळे मान खाली घालून थांबायचे, तो बोलेपर्यंत. ही सवय भाऊंनी लावली होती, हे कुणी न सांगता कळत होतं. पलीकडे नामदेवरावांच्या बाजेचा आवाज झाला.

सर्वांत शेवटी माझी पाळी आली. ते थांबले. बारा वर्षांत शेकडो प्रस्ताव, पत्रं, श्रद्धांजल्या लिहिलेला मी... एक शब्द येईना. ते थांबूनच होते. म्हातारी सासू थांबली होती, वाचणारी मुलगी थांबली होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि मला कुणी सोडवतही नव्हतं. बाहेर चारची बस येऊन निघून गेली. मग रुक्माबाईंनी गीत धरलं.