बिळाच्या तोंडाशी लुगडं

लांडगीनं केराबाईचं कोकरू नेल्याचं कळताच जाफराबादहून दोन शिकारी आले. "मावशी, बीळ दाखवा. जल्दी बंदोबस्त करतो."

"आमचा आम्ही करून राह्यलो की."

"रान काय तुमचंय?"

"मेंढरं तर आमची हायेत."

"उद्या आमचं आम्हीच शोधू," म्हणत ते गेले.

नवरा त्रिंबक चिडला, "आणखी कोकरू गेलं तर?"

सासूनं शिकवलेल्या धनगरी रीतीनं केराबाईनं तिन्हीसांजेला आपलं घामट लुगडं बिळाच्या तोंडाशी अंथरलं. माणसाच्या वासानं लांडगी पिलं उचलून रान बदलते.

सकाळी शिकाऱ्यांना बीळ रिकामंच सापडलं.

मेंढरांच्या वाड्यात नेलेल्या कोकराची आई अजून त्याला हाका मारत होती. केराबाई तिच्या गळ्यात हात टाकून बसली. "तिची पिलं वाचली, बाई. तुझं मला राखता आलं न्हाई."