केबलअक्का

पिनेच्या टोकावरून अंगठा फिरवायच्या आणि अक्का डोळे मिटून सांगायच्या, "स्कॅनरचं. ते बी जुन्या, जड झाकणाच्या." आम्ही क्लासातली पोरं त्यांची परीक्षा घ्यायचो. टेबलाखालून कुणी मोडेमचा अडॅप्टर पुढे करायचं, कुणी प्रिंटरची वायर. एकानं तर मुद्दाम घरून रेडिओचा अडॅप्टर पळवून आणला. अक्कांनी तो चाचपला आणि म्हणाल्या, "हा हितला न्हाय. तुझ्या घरच्या रेडिओचा हाय. बापानं बातम्या लावायच्या आत नेऊन ठेव." त्या कधी चुकल्याचं मला आठवत नाही, आणि त्या चुकाव्यात म्हणून आम्ही जिवाचं रान केलं होतं.

आमच्या शहराचा सगळा पूर्व भाग त्यांना केबलअक्का म्हणायचा. नवख्या माणसाला वाटायचं, टीव्हीची केबल देणारी कुणी बाई असेल. एकदा ऐन मॅचच्या दिवशी चॅनेल दिसत नाही म्हणून एक गृहस्थ भांडायला आले. अक्कांनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पदर खोचला आणि त्यांच्या घरी जाऊन टीव्हीमागची सैल पिन घट्ट बसवून आल्या. पुढे दर दिवाळीला त्या गृहस्थांकडून फराळाचं ताट यायचं.

अक्का माहेर-सासर दोन्हीकडून विणकरांच्या. घरात तेलुगू, दारात मराठी आणि भंगारवाल्याशी दखनी. खाली यंत्रमाग चालायचे आणि वर माडीवर अक्कांचा कॉम्प्युटर क्लास. मागांच्या खडखडाटात त्या इतक्या वर्षं शिकवत होत्या की माग बंद पडल्यावरही त्यांचा आवाज खाली आला नाही. धंदा बसला तेव्हा माग भंगारात गेले. त्याच सुमारास त्यांचे यजमानही गेले. मागे राहिली सुताची मोठमोठी रिकामी लाकडी बॉबिनं. अक्कांनी त्यांवर केबली गुंडाळायला सुरुवात केली. जिथं सूत असायचं तिथं आता भिंतभर काळ्या, करड्या, पिवळट वायरी. आत पाऊल टाकलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागायचा. मी तरी लागायची.

एवढ्या ढिगात एकाही केबलीला चिठ्ठी नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "चिठ्ठी गळून पडती. पिन पडती का?"

क्लासच्या पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला कीबोर्डला हात लावू दिला नव्हता. कॉम्प्युटरच्या पाठीमागे उकिडवं बसवून सगळ्या वायरी काढायला आणि परत लावायला लावल्या. माझी एक बसेना, तेव्हा मी अंगठ्यानं रेटायला लागले. अक्कांनी माझं मनगट धरलं. "जोर लावायचा न्हाय. बसत नसंल तर एकतर ती त्याची न्हाय, न्हायतर तू उलटी धरलीस." पुढे माझ्या लग्नासाठी आलेलं एक तालेवार स्थळ काही केल्या जुळेना आणि आई हट्टाला पेटली, तेव्हा अक्कांनी आमच्या ओट्यावर बसून तिला शब्दाला शब्द हेच ऐकवलं. आईनं नाद सोडला. माझा संसार आज सुखाचा आहे, त्याचं बरंच श्रेय त्या वाक्याला आहे.

त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त असायचा तो एक तेलुगू शब्द, ‘उंडनी’. म्हणजे राहू दे, असू दे. कुणी म्हणालं, अक्का, हे यंत्र आता जगात कुठं उरलं नाही, ही वायर कशाला? की उत्तर, "उंडनी." दिवाळीच्या साफसफाईत गल्लीतलं सगळं भंगार त्यांच्या दारावरून वळसा घेऊन जायचं. भंगारवालाही गाडा थांबवून हाक मारायचा, "अक्का, देख लो. बाद में बोलना नको." अक्का वाकून, गाड्यातून एखादा चार्जर सापाच्या शेपटीसारखा ओढून काढायच्या आणि पदराला पुसत घरात जायच्या.

मी एकदा धीर करून विचारलंच, इतकं का जपता? त्या मला खाली नेऊन रिकाम्या शेडमध्ये उभ्या राहिल्या आणि जिथं माग असायचा तिथं हवेत हात करून दाखवू लागल्या. "मागावरचा ताणा, म्हंजे उभं सूत, संपत आलं ना, तर शेवटची टोकं कापून फेकत न्हाईत. तशीच ठेवायची. नव्या ताण्याचा एकेक दोरा त्या जुन्या टोकाला बांधायचा. मग हळूच ओढायचं. जुना पुढं जातो आणि नव्याला फणीतनं आपल्या मागं घेऊन येतो. जुनं टोक फेकलंस, की बस पयल्यापास्नं ओवत." मग वर बघून म्हणाल्या, "माझ्या घरात कात्री वायरीला लागत न्हाय, ती त्याच्यापायी." आणि खरंच, केबल कापलेली त्यांना चालायची नाही. गुंता कितीही असो, त्या बोटांनी सोडवत बसायच्या.

त्यांचा मुलगा श्रीनिवास हैदराबादला मोठ्या कंपनीत. तो आला की आईला समजवायचा. "अम्मा, आता सगळं वायरलेस आहे. माझा फोन नुसता ठेवला की चार्ज होतो." त्यानं ती गोल चकती टेबलावर ठेवून दाखवली. अक्कांनी चकती उचलली, मागे लोंबणारी वायर दोन बोटांत धरली आणि विचारलं, "मग ही शेपटी कुणाची रे?" श्रीनिवास आमच्याबरोबरच हसला. मुलगा वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याची गोष्ट यायची आहे.

गरज पडली की लोक यायचे. चिंचोळी एमआयडीसीतून एक सुपरवायझर वजनकाट्याची वायर शोधत आला होता. कुणी जुन्या कॅमेऱ्यातले बारशाचे फोटो काढायला आलं. अट एकच, यंत्र सोबत आणायचं. मोबाईलवर फोटो पाठवला तर अक्का बघायच्याही नाहीत. "डॉक्टरकडं फोटो पाठवून पोट दाखवता का? रोगी आणा."

मग एक दिवस रोगी घेऊन जायची पाळी माझ्यावर आली.

माझे वडील, अप्पा, मूळचे मैंदर्गीचे. एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या आवाजावरून सगळा अक्कलकोट रोड त्यांना ओळखायचा. गाडीत ते ‘दुधनी, दुधनी’ ओरडले की झोपलेलं माणूस दुधनीच्या आधीच उठून पिशवी काखोटीला मारायचं. त्या गळ्यालाच कॅन्सर झाला. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. मग टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते घूं घूं करतं आणि त्या घुंघुण्यावर ओठ हलवून माणूस बोलतो. यंत्र जुनं होतं, एका भल्या माणसाच्या घरून आलेलं. अप्पांनी ते असं आत्मसात केलं की भाजीवाला खालच्या गल्लीत असतानाच त्याला वरून भाव विचारायचे. नातवंडांना ओळीनं स्टॉप म्हणून दाखवायचे. आवाज डब्यातून आल्यासारखा, पण मिजास तीच.

एका दुपारी लाईट गेली आणि येताना अशी धडकून आली की यंत्राचा चार्जर जळाला. मी सगळ्या दुकानांत फिरले. सगळे सांगत होते की अशी पिन आता येत नाही. नवं यंत्र मागवलं, पण ते यायला दोन-अडीच महिने लागणार होते. यंत्रातली होती तेवढी बॅटरी उतरली आणि अप्पा थांबले. आईनं पाटी-पेन्सिल पुढे केली, त्यांनी ती उलटी करून ठेवली. चहाच्या टपरीवर जाणं बंद झालं. पुढे पुढे मान हलवून हो-नाही सांगणंही बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई मला म्हणाली, "गळा कापला तवा बी घर एवढं गप न्हवतं गं." दोन-अडीच महिन्यांनी यंत्र येईल, पण तोवर त्यातून बोलायला अप्पा उरतील का, अशी भीती मला वाटायला लागली होती.

मी अक्कांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "रोग्याला आण."

अप्पांना हाताला धरून नेलं. अक्कांनी यंत्र घेतलं, त्याच्या भोकात आगकाडीचं टोक घालून फिरवलं आणि डोळे मिटले. मग उठून भिंतीवरून बॉबिनं उतरवायला लागल्या. एक पिन सैल, दुसरी जाड, तिसरी आतच जाईना. भिंत रिकामी होत चालली आणि माझा धीर सुटत चालला. अक्का मध्येच थांबल्या. आतल्या खोलीत गेल्या. यजमानांच्या तसबिरीखाली त्यांचं दाढीचं यंत्र ठेवलेलं असायचं, हे गल्लीला ठाऊक होतं. दर शुक्रवारी अक्का ते चार्ज करायच्या आणि घटकाभर नुसतंच चालू ठेवून ऐकत बसायच्या. त्याचा चार्जर त्या घेऊन आल्या. पिन अप्पांच्या यंत्रात अशी बसली, जणू तिथलीच होती.

पण त्या चार्जरचा जोर कमी पडत होता. जोर बरोबर असलेला अडॅप्टर भिंतीवर होता, त्याची पिन बसत नव्हती. म्हणजे एकाची पिन कापून दुसऱ्याला जोडायची. मी म्हणाले, "अक्का, नको. नवं यंत्र येईलच."

अक्कांनी अप्पांकडे बघितलं. मग फळीवरची सूत कापायची छोटी कात्री घेतली आणि पहिल्यांदा, माझ्या देखत पहिल्यांदा, वायर कापली. आधी यजमानांची, मग दुसरी. तांब्याच्या तारा सोलल्या आणि तुटलेला दोरा बांधतात तशा बोटांच्या टोकांवर गुंफल्या. "सासूनं शिकवलेली गाठ हाय. दोऱ्याएवढीच पायजे. मोठी झाली की फणीत अडकती." वर चिकटपट्टी गुंडाळली. मीटरवर अधिक-उणं तपासलं, पुन्हा तपासलं. आणि मग म्हणाल्या, "उलटं लागलं तर यंत्र जळंल, कंडक्टरसाहेब. मग माझ्याकडं दुसरं न्हाय. लावू?"

कित्येक दिवसांत कुणाला उत्तर न देणाऱ्या अप्पांनी हात उचलला आणि टेबलावर दोन टिचक्या मारल्या. टक टक. डबल बेल. गाडी सोडा.

यंत्रावरचा तांबडा दिवा लागला. मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. अक्का चहा करायला गेल्या. चहा झाला, निवला, पुन्हा झाला, तोवर यंत्रात जीव आला होता. अप्पांनी एक घोट घेतला, यंत्र गळ्याला लावलं आणि बोलले, "साखर कमी हाय."

अक्का हसल्या, हसत हसत आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. डोळे लाल होते. म्हणाल्या, "कंडक्टरसाहेब, राग नका मानू. तुमच्या आवाजात आमच्या ह्यांची दाढी ऐकू येती." अप्पांनी या वाक्याचा इतका मान ठेवला की पुढे दर शुक्रवारी अक्का आमच्याकडे आल्या की ते पेपर मोठ्यानं वाचायचे, लग्नाच्या जाहिरातींसकट. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. दाढीच्या यंत्राचं आता काय, असं मी एकदा विचारलं. "उंडनी," म्हणाल्या. त्या एका शब्दात काय काय राहू देता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. एवढं मोठं मन मी पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दिवसकार्य उरकल्यावर श्रीनिवास घर रिकामं करायला लागला. भंगारवाल्याचा गाडा दारात उभा राहिल्याचं कळलं आणि मी काही म्हणायच्या आत अप्पांनी चपला घातल्या.

बॉबिनं गाड्यावर चढली होती. भंगारवाला हातगाडीला टेकून उभा होता, त्यालाही घाई दिसत नव्हती. वरच्या थरात ते दाढीचं यंत्र होतं. श्रीनिवास आम्हाला बघून ओशाळला. "काका, मी तरी काय करू? हैदराबादच्या फ्लॅटमध्ये कुठं ठेवू? यातलं आता काहीच चालत नाही."

अप्पांनी खिशातून यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं.

"उंडनी."

श्रीनिवास जागच्या जागी थांबला. त्या घुंघुण्यात त्याला आई ऐकू आली की बाप, मला माहीत नाही. तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून त्यानं स्वतः एकेक बॉबिन गाड्यावरून खाली घेतलं आणि दाढीच्या यंत्रासकट सगळं अप्पांच्या हवाली केलं. भंगारवाल्यानं गाडा वळवला, पण रिकामा नेला नाही. ती सगळी बॉबिनं परत त्यावर चढवून त्यानं आमच्या दारात आणून सोडली.

आता ती आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहेत. लोक अजून येतात. अप्पा पिनेवरून अंगठा फिरवतात, डोळे मिटतात आणि साफ चुकतात. मग मी एकेक लावून बघते. कधी जुळतं, कधी नाही. अप्पांचं नवं यंत्र आलं, ते कपाटात आहे. ते जुनंच वापरतात, त्याच गाठीच्या चार्जरवर.

दाढीचं यंत्र अक्कांच्या फोटोखाली ठेवलंय. ते आता चालत नाही. शुक्रवारी अप्पा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसतात. पेपर वाचत नाहीत, काही बोलत नाहीत. आपलं यंत्र गळ्याला न लावता हातात धरतात आणि घटकाभर नुसतं बटण दाबून ठेवतात.