दाजींचे अकरा कॅल्क्युलेटर

जुनी वस्तू नव्या वस्तूवर चालत नाही, हे वाक्य आमच्या दाजींसमोर उच्चारायची हिंमत अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणाची नव्हती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे तीर्थपुरीचे, जालन्यात एका कचेरीत कारकून. नवा मिक्सर आला तरी त्यावर जुनंच भांडं बसलं पाहिजे, म्हणून त्यांनी चार दिवस कानशीने भांड्याचं बूड घासलं होतं. पाचव्या दिवशी ते बसलं आणि बटण दाबताच चटणीसकट उडून देवघरात गेलं. "बसलं तर व्हतं बराबर," कपाळावरची चटणी पुसत दाजी एवढंच म्हणाले.

नव्वदच्या दशकात कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, त्यात एक खेळ होता. वर कोंबड्या बसलेल्या. त्या अंडी टाकणार आणि आपण खाली टोपली डावी-उजवीकडे सरकवून ती झेलायची. पुढे कचेरीने ते यंत्र मोडीत काढलं, तेव्हा दाजींनी ते घरी आणलं आणि अक्काला खेळ शिकवला. अक्का माळकरी. अंड्याचं नावही घरात नको, म्हणून तिने त्यांना लिंबं म्हणायचं ठरवलं. कोंबड्या लिंबं देतात, यावर तिचा काही आक्षेप नव्हता. स्वयंपाक आटोपला की उभ्याउभ्याच ती शे-दोनशे लिंबं झेलायची आणि भांडी घासायला निघून जायची.

मग एका उन्हाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. विजेचा दाब वाढून तो म्हातारा कॉम्प्युटर धूर सोडून संपला, आणि अक्काला अर्धांगाचा झटका आला. ती वाचली, हळूहळू चालूही लागली, पण उजव्या हाताची बोटं काही ऐकेनात. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो तिने दोनदा दाबला आणि डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकून दिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एक दिवस मात्र आपणहून म्हणाली, "लिंबं लावा बरं."

दाजींना तेवढं पुरे होतं. पुण्याला नोकरीत असलेल्या त्यांच्या लेकीने, माझ्या भाचीने, नवा कॉम्प्युटर पाठवला. खेळ दाजींनी जपून ठेवलेल्या जुन्या फ्लॉपीवर, आणि ह्यात फ्लॉपी घालायला जागाच नव्हती. दाजींनी भंगारातून जुना ड्राइव्ह शोधून जोडला. नवी सिस्टीम त्या खेळाला ओळख देईना. तीन दिवस विनवण्या केल्यावर तिने त्याला आत घेतलं. खेळ सुरू झाला आणि संपला. यंत्र इतकं वेगवान, की कोंबडीने अंडं टाकलं कधी आणि फुटलं कधी, दिसलंच नाही. "सुरू व्हायच्या आधीच संपला की," अक्का म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली.

दाजी मला घेऊन कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे गेले. सरांनी शांतपणे समजावलं, की खेळ जुन्या मंद यंत्रासाठी बनवलेला आहे, आता नवा खेळ घ्या. दाजी बाहेर येऊन म्हणाले, "नवा बैल पळतो म्हणून कुणी गाडी बदलतं का? गाडीत गोण्या टाकायच्या."

गोण्या म्हणजे कॅल्क्युलेटर. कॉम्प्युटरमधला कॅल्क्युलेटर उघडायचा आणि त्याला असा अवाढव्य गुणाकार द्यायचा, की तो तासभर डोकं धरून बसेल. मग दुसरा उघडायचा. अकरावा उघडल्यावर यंत्राला घाम फुटला. दाजींनी त्याचं झाकण काढून त्याला कूलरसमोर ठेवलं, स्वतः घामाघूम अक्काच्या शेजारी बसले. आणि पडद्यावर एक अंडं, पिंपळाच्या पानासारखं तरंगत, खाली येऊ लागलं.

पहिल्या दिवशी अक्काच्या उजव्या हाताने एकही झेललं गेलं नाही. आठवड्याने चार झेलली गेली. महिन्याने ती म्हणाली, "लई सुस्त हाये. एक कमी करा." दाजींनी दहा केले. पुढे मी गेलो की तब्येत न विचारता आकडाच विचारायचो, आणि दाजी अभिमानाने सांगायचे, "आठवर आलोत." हसनाबादचे एक नातलग भेटायला आले होते, त्यांनी हे ऐकलं आणि परत जाऊन आपल्या वडिलांच्या डॉक्टरांकडे कॅल्क्युलेटरची गोळी मागितली. डोस रोज अकरा गोळ्यांपासून सुरू करतात, हेही सांगितलं.

दिवाळीच्या आधी गेलो, तर अक्का दोन्ही हातांनी भाकरी थापत होती. कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं. दाजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. दुपारी खेळायला बोलावलं तर काम हाये म्हणती, अशी त्यांची तक्रार. मी म्हणालो, बरी झाली, हे चांगलंच की.

"बिलकुल चांगलं हाये," ते म्हणाले आणि फाटकाची कडी उगाच वर-खाली करत राहिले. "पण पाहुणे, लग्नाला तीस वर्षं झाली. आम्ही दोघं असं शेजारी बसून राह्यलो, ते ह्याच पाच-सहा महिन्यांत."

आतून अक्काने दळण आणायला हाक मारली, आणि दाजी डबा घ्यायला लगबगीने आत गेले.