मागच्या पेपरवरून मेंदूची तयारी

मेंदूच्या तपासणीला जाताना मी मागच्या खेपेचे प्रश्न पाठ करून गेलो. हा मूर्खपणा मी बावन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि बायकोच्या नकळत केला. तेवीस वर्षं तलासरीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्याला परीक्षा म्हटलं की जुना पेपर आठवतो. याहून मोठं समर्थन माझ्याकडे नाही.

दोन वर्षांपूर्वी डहाणूच्या मानसोपचार डॉक्टरांनी निदान सांगितलं: बायपोलर डिसऑर्डर. या आजारात माणूस कधी उत्साहाने उधळतो, तर कधी अंथरुणातून उठत नाही. माझी उधळण शाळेच्या कंपाउंडवर झाली होती. आठ दिवसांत, कोणाला न विचारता, मी अख्खी भिंत प्रमेयांनी रंगवली. ऑइलपेंटमध्ये, मराठी, गुजराती आणि वारलीत. मुख्याध्यापिका बाईंनी ब्रश काढून घेतला, तेव्हा मी त्यांच्याकडे रंगवायला छत मागितलं. त्यानंतरचे दोन महिने घरी भिंतीकडे तोंड करून पडलो. दाढी करायचीसुद्धा हिंमत होत नव्हती.

"यातून सुटायला किती दिवस?" मी विचारलं.

"सर, हा एकदा पास होऊन सुटायचा पेपर नाही," डॉक्टर म्हणाले. "इथे रोजची हजेरी लागते. गोळी, झोप आणि रक्ततपासणी."

लिथियम सुरू झालं. हे मूड स्थिर ठेवणारं औषध. रक्तात ते किती आहे, हे अधूनमधून बघावं लागतं. काही महिन्यांत मूड ताळ्यावर आला, डोकं मात्र आलं नाही. शेजारच्या मुलीला समीकरण समजावताना दुसऱ्या ओळीवर पोचलो आणि पहिली पुसून गेली. मुलगी बिचारी माझ्याकडे बघत बसली.

मुख्याध्यापिका बाईंनी कळवलं होतं, "शिकवायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र आणा सर, वर्ग तुमचाच आहे." मला वर्ग परत हवा होता. बाकी काही नको होतं.

डॉक्टरांनी मुंबईच्या एका रुग्णालयातलं संशोधन सुचवलं. मूड सुधारल्यावरही काही रुग्णांचं लक्ष, वेग आणि स्मरण मागे का राहतं, याचा तिथे अभ्यास चालू होता. चाचण्यांचा निकाल डॉक्टरांना मिळणार आणि त्यावर पत्र ठरणार. मी सही केली.

पहिल्या खेपेला एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या मदतीने काढलेले मेंदूचे फोटो. बोअरवेल खणताना होतो तसा आवाज. स्पीकरवरून सूचना यायची, "हलायचं नाही," आणि मी आज्ञाधारकपणे मान डोलवायचो. तिसऱ्यांदा टेक्निशियन वैतागला, "काका, कळलं असेल तर गप्प पडून राहा!"

मग कॉग्निटिव्ह टेस्ट, म्हणजे लक्ष, वेग आणि आठवण यांची चाचणी. अनघा मॅडम म्हणून एक तरुण मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी पंधरा शब्द वाचले. पहिल्या फेरीत मला सहा आठवले.

सहा! पंधरापैकी! बाहेर बसलेल्या सुनीताला, माझ्या बायकोला, मी सांगितलं, "ठीक गेला."

मॅडम तेच शब्द पाच वेळा वाचतात. त्यामुळे शेवटी सगळे कानावर पडलेले होते. परतीच्या गाडीत एकेक आठवून मी तिकिटाच्या मागे टिपले. पुढची खेप सहा महिन्यांनी होती. रोज मनातल्या मनात डहाणू-तलासरी रस्त्याने जात गावागणिक एकेक शब्द ठेवत गेलो. आशागडला चमचा, चारोटीला डोंगर, दापचरीला शिंपी. यादी चोख झाली.

दुसऱ्या खेपेला मॅडम वाचत होत्या तेव्हा मी ऐकतच नव्हतो. मी केव्हाच दापचरीला पोचलो होतो. त्या थांबताच मी पंधरा शब्द एका दमात म्हटले. त्यांचं पेन तिसऱ्या शब्दाला अडलं. यादी बदललेली होती. पुढच्या फेऱ्यांत जुने आणि नवे शब्द एकमेकांत मिसळले. मी घाबरलो आणि तोंड मिटून घरी आलो.

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. निकालात इन्ट्रूजन्स, म्हणजे यादीबाहेरून घुसलेले शब्द, फार होते. "सर, पत्र आता थांबवतो. न्यूरॉलॉजिस्टना दाखवू. लिथियमही तपासू."

फोन ठेवला आणि सुनीताला सगळं सांगून टाकलं. ती चिकू निवडत होती.

"पोरांना सांगता, पाठ करू नका, समजून घ्या. आणि स्वतः?" ती म्हणाली. "उद्या सकाळच्या गाडीने मुंबईला जायचं. मी येते, पण बोलायचं तुम्ही."

अनघा मॅडमनी शांतपणे ऐकलं. जुना कागद काढून ताडून पाहिलं. पंधराच्या पंधरा, क्रमानेसुद्धा. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"सर, आम्ही तुम्हाला मार्क देत नव्हतो. तुम्ही कुठे अडखळता ते शोधत होतो. तुम्ही नेमकं तेच झाकलंत."

त्या दिवसाचा शब्दांचा निकाल त्यांनी अभ्यासातून वगळला. ज्यांच्यासाठी हे संशोधन चाललंय, त्यांत मीही आहे. आणि त्याच संशोधनात मी खोडा घातला होता. लाज वाटली.

पुढच्या महिन्यात नव्या यादीवर, काही न लपवता, सात आले. त्यातून खरं कळलं. माझी वर्किंग मेमरी कमजोर आहे. वर्किंग मेमरी म्हणजे बेरजेतला हातचा. पुढची पायरी होईपर्यंत डोक्यात धरून ठेवायचा. तो माझ्याकडून निसटतो. पण एखादी गोष्ट सावकाश, ओळखीच्या जागेला बांधून घोटली तर टिकते. माझ्या लबाडीने निदान तेवढं सिद्ध केलं, असं मॅडमच म्हणाल्या.

मी एमआरआयचं विचारलं. "अनेकांचे फोटो एकत्र पाहिले तर फरक दिसतात," त्या म्हणाल्या. "एका माणसाच्या फोटोवरून तो शिकवू शकेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते तुम्ही शिकवूनच कळेल."

लिथियमचं प्रमाण ठीक निघालं, न्यूरॉलॉजिस्टची गरज उरली नाही. पत्र मिळालं: सुरुवातीला रोज दोन तास, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. तुमच्यापैकी कोणी अशा चाचणीला जाणार असाल, तर अडखळायला जा. तिथे हुशारी दाखवलीत तर उपचार तुमच्या हुशारीवर होतील, तुमच्यावर नाही. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नका.

पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गाला मी आजाराचं नाव सांगितलं. मी हळू शिकवीन, सगळे हातचे बाजूला लिहीन, आणि चुकलो तर बिनधास्त सांगायचं, असं बजावलं. सगळं सांगून खडू उचलला.

मागच्या बाकावरची सविता उभी राहिली.

"सर, फळ्यावर तर तुम्ही आजाराच्या आधीपासून चुकता. आम्ही वहीत बरोबर करून घेतो."