उरलेले थेंब

पैसे घालून आणलेलं औषध फेकायचं नाही, हा आमच्या आईचा खाक्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिला सूज उतरायला डोळ्यात घालायचे थेंब दिले होते. डोळा निवळला, थेंब बंद झाले आणि उरलेली बाटली कोनाड्यात जाऊन बसली.

पुढं शिरोळच्या मळ्यात उसाचा पाला काढताना काकाच्या डोळ्याला पात लागली. डोळा लालभडक झाला. आईनं लगेच बाटली काढली.

"भावजी, घाला की! माझा डोळा ह्येनंच बरा झालाय."

लाली खरंच उतरली. "डॉक्टर कशाला पायजे? वयनीनंच बरं केलं," असं काका गल्लीभर सांगत सुटला, आणि आम्ही कॉलेज शिकलेले गाढव माना डोलवत बसलो. नजर धूसर झाली, तसे आईनं थेंब वाढवले. शेवटी बुबुळावर पांढरं फूल पडलं, तेव्हा त्याला कोल्हापूरला नेलं.

बाटली बघून डॉक्टर कडाडले. पातीबरोबर डोळ्यात बुरशी गेली होती. थेंबांनी लाली तेवढी दाबली आणि आत बुरशीला रान मोकळं करून दिलं.

"हे थेंब दिले कुणी?"

आईनं तोंड उघडायच्या आत काका म्हणाला, "मीच घेतलं, न इचारता."

तो डोळा गेला. आईला मात्र जाड भिंगाच्या चष्म्यातून सुईचं नाकही दिसायचं. पण काका जेवायला बसला की ती चष्मा काढून ठेवायची आणि चाचपडत वाढायची.