पाळी थांबण्याची वाट

निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी ठाणे शहरातल्या बाळकुमची ती बाल्कनी माझ्या डोक्यातून जात नाही.

सकाळची हजेरी चालू असताना त्या बाल्कनीसमोरच्या इमारतीतल्या एका बाईंचा पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, इथल्या एका घरात सुनेला वीस दिवस बाल्कनीत ठेवलंय. ताट वेगळं, चटई वेगळी. पोरगी पांढरीफटक पडलीय. मारून टाकतील तिला!" स्टेशन डायरीत नोंद करून, महिला हवालदाराला सोबत घेऊन मी निघालो. छळाची प्रकरणं पुष्कळ पाहिली होती. सासूला आज आत टाकायचंच, असं वाटेतच ठरवून टाकलं. तिथेच चुकलो.

घर जुन्या स्थानिक कुटुंबाचं. आजे मिठागरावर राबलेले, आता स्वतःच्याच जमिनीवरच्या टॉवरमध्ये दोन फ्लॅट. सून खरोखरच बाल्कनीत चटईवर बसलेली. मे महिन्यात अंगात स्वेटर, चेहरा सुजलेला. मारहाणच, दुसरं काय!

"कोणी मारलं का?"

"नाही ओ साहेब."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. मग मी सासूवर आवाज चढवला.

"पाळीत बाजूला बसतात आमच्याकडं," ती म्हणाली.

"वीस दिवस?"

"थांबतच नाय ना! दर महिन्याला असंच. घरात देव हायेत, आत कशी घेऊ?"

"मग डॉक्टरकडे का नाही नेलं?"

"थांबली की नेणार होतो. अशात कोण हात लावील तिला?"

रक्त थांबत नाही म्हणून दवाखाना हवा, आणि थांबेपर्यंत दवाखाना नको! शिकलेला नवरा मान खाली घालून उभा. बायकोला एवढं विचारायची त्याला लाज.

उलगडा केला हवालदारबाईंनी. त्यांनी सुनेचा गळा, विरळ केस पाहिले, तिचा हात हातात घेतला. "गार पडलाय. साहेब, मला थायरॉईड निघाला तेव्हा माझंही असंच झालेलं. जबाब राहू द्या, गाडी काढा."

सासू आडवी आली. "बाजूला व्हा," मी म्हटलं. "गुन्ह्याचं नंतर बघू. ही आत्ता निघणार."

हिमोग्लोबिन पाच निघालं. गर्भाशयात दोष नव्हता. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली होती. तिचा हार्मोन कमी पडला की पाळीचं चक्र बिघडतं, रक्तस्राव लांबू शकतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. आधी रक्त चढवलं, मग रोज उपाशीपोटी एक गोळी. काही महिन्यांनी पाळी पाच दिवसांवर आली.

रक्ताची पिशवी लावताना सुनेने डॉक्टरबाईंना विचारलं होतं, "मला हात लावलेला चालतो तुम्हाला?" ते ऐकून सासू भिंतीकडे तोंड करून रडली. सुनेने तक्रार दिली नाही. मी चौकशी बंद केली.

नोकरीत रक्ताचे डाग किती पाहिले, किती लाखबंद करून प्रयोगशाळेत पाठवले! आरोपी शोधायची सवय लागली की माणसाला आजार दिसत नाही. आणि त्या नवऱ्याला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? माझ्या घरीही हा विषय बायकांचाच. सुनेला रक्त चढवलं त्याच संध्याकाळी डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या लेकीला फोन लावला. लाज गिळली आणि सरळ विचारलं, "किती दिवस चालते गं तुझी पाळी?"

तिला रडूच फुटलं. "पंधरा, बाबा. कोणी विचारलंच नाही कधी."