टीव्हीची हजेरी

माझ्या सासूबाईंना त्यांच्या गल्लीत कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्यांना बॅटरीबाई म्हणतात, आणि तेही जरा लांबूनच. त्यांनी जन्मभर एका थिएटरात लोकांना अंधारात जागा दाखवायचं काम केलं. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी, आणि तिकीट बघितल्याशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही हा बाणा. एकदा थिएटरमालकाचा साडू फुकटात आत शिरला, तर बाईंनी भर सिनेमात त्याच्या तोंडावर बॅटरी मारली आणि तो उठेपर्यंत विझवली नाही. पडद्यावर नायिका मरत होती आणि लोक साडूकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मालकाने बाईंना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते देव जाणे, पण पुढे साडू तिकीट काढून यायला लागला.

इतकं करून त्यांनी एकही सिनेमा सलग पाहिला नव्हता. सुरुवातीला उशिरा येणाऱ्यांना बसवायचं, शेवटी दारं उघडायची, आणि मधल्या वेळात बाहेर बाकावर बसून दुखरे पाय चेपायचे. त्यामुळे शेकडो गोष्टींचा आरंभ आणि शेवट त्यांना तोंडपाठ, मधलं सगळं कोरं. "शेवटाचं काय एवढं," त्या म्हणायच्या, "कुणीतरी रडतं, कुणीतरी हसतं आणि लोक अंधारात चपला शोधतात. खरं काय ते मधेच होतं."

निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे राहायला गेल्या. हा माझा मेहुणा जुने सोफे दुरुस्त करतो. त्याच्याकडे एक टेम्पो आहे आणि बोलताना दातांत खिळे धरायची सवय. आमचं घर तिथून फार लांब नाही, पण सासूबाई आमच्याकडे येत नसत. भांडण नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. "कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही" हे त्यांचं तत्त्व, आणि त्या 'कुणाच्या'मध्ये पोटची मुलगीसुद्धा आली. माझी बायको दर वेळी फोनवर म्हणायची, "आई, ये की एकदा." तिकडून उत्तर यायचं, "काही काम आहे का?" बायको म्हणायची, "काम कशाला हवं?" की फोन संपला. मग ती थोडा वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत राहायची. तिला आयुष्यात फार काही नको होतं. आपल्या आईने आपल्या घरात पाय पसरून बसावं, एवढंच हवं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या एका कंपनीचं मी वर्गणी भरून खातं घेतलं होतं. मेहुण्याने पासवर्ड मागितला, मी दिला. पासवर्ड काय, चमचाभर विरजण. दिल्याने आपल्या घरचं कमी होत नाही. सासूबाईंना मात्र खातं माझं आहे हे कळल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, "पैसे जावईबापू भरणार आणि बघणार आपण? मग आपण फुकटेच झालो." मेहुण्याने समजावलं, "अगं, खातं कुटुंबाचं असतं. आपण एकाच कुटुंबातले." हे त्यांना कसंबसं पटलं, आणि त्या एका लांबलचक मालिकेचे मधले भाग बघू लागल्या.

मग कंपनीला जाग आली. एके दिवशी मेहुण्याच्या टीव्हीवर पाटी झळकली: हा टीव्ही खातेदाराच्या घरातला नाही. महिन्यातून एकदा तो खातेदाराच्या घरच्या इंटरनेटला जोडा, नाहीतर स्वतंत्र वर्गणी भरा. सगळं जग कंपनीच्या नावाने बोटं मोडत होतं. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक तपासणीच्या पाटीवरची अक्षरं सोडून कंपनीलाच शिव्या देत बसायचं. कंपनीची बाजू घेणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती माझी सासू. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "एका तिकिटावर चौघं बसले तर थिएटर चालेल का? टीव्ही घेऊन जाऊ या."

माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. मेहुण्याने टीव्हीसाठी रेक्झिनचं खोळवजा कव्हर शिवलं होतं, आतून स्पंज, दोन्ही बाजूंना मुठी. ते धूड दोघांनी मिळून जिन्याने वर आणलं. माझी पाठ तिसऱ्याच पायरीवर बोलायला लागली. मागून सासूबाई, ठेवणीतले कपडे, केस चापून विंचरलेले.

"आई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" मी धापा टाकत म्हणालो.

"नुसता टीव्ही पाठवून काय होतंय जावईबापू? बघणारी माणसं कुठली आहेत ते कंपनीला कळायला नको?"

टीव्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडला. सासूबाई त्याच्यासमोर ताठ बसल्या, फोटो काढून घेताना बसतात तशा. इंटरनेट जोडलं, पाटी गेली, हजेरी लागली. मला वाटलं, सुटलो. कसलं काय.

"आता संध्याकाळी निघू," त्या म्हणाल्या. "या घरचे आहोत असं सांगायचं आणि चहा पिऊन पळायचं, ही फसवणूक झाली."

आणि हे दर महिन्याला सुरू झालं. माझ्या हक्काच्या सुट्टीत माझ्याच घरात थिएटर उघडलं. मालिका लागली की मधे उठायचं नाही. सुरुवातीची नावं पुढे ढकलायची नाहीत, कारण ज्यांनी कामं केली त्यांची नावं वाचली पाहिजेत. मी शेंगदाणे खाल्ले तर पिशवीतून बॅटरी निघायची आणि उजेड थेट माझ्या मुठीवर. दुपारी त्या माझ्या आरामखुर्चीत घोरायच्या आणि मी माझ्याच घरात चवड्यांवर चालायचो. बायको मात्र तेव्हा जमिनीवर त्यांच्या पायाशी बसलेली असायची. त्यांचे पाय मांडीवर घेऊन ती हळूहळू चेपायची आणि दोघी काहीबाही बोलत राहायच्या. मला ते दिसत होतं. पण मला माझी खुर्चीही दिसत होती. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला खुर्ची जास्त दिसत होती.

शेवटी मी चिकाटीने कंपनीचे नियम वाचून काढले. त्यात एक वाक्य सापडलं. टीव्ही आणायची गरजच नव्हती. पाटी आली की खातेदाराच्या फोनवर एक कोड मागवायचा, तो तिकडे टाकायचा, संपलं. मला गड जिंकल्यासारखं झालं. मी सासूबाईंना फोन लावला.

"नियमात बसतं का?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग उगाच पेट्रोल कशाला जाळायचं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात मेहुण्याने कोड मागितला, मी बसल्या जागी दिला. सुट्टीचा दिवस उजाडला. टेम्पो आला नाही. मी आरामखुर्चीत बसलो, शेंगदाणे घेतले, मालिकेची नावं पुढे ढकलली. बायकोने जेवणाची ताटं घेतली, एक जास्त झालं, ते तिने परत ठेवलं.

"बरं झालं ना," मी म्हणालो, "आईंची दगदग वाचली."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला शांतता हवी होती. मिळाली."

एवढंच. ती ओरडली असती तर मी ओरडून घेतलं असतं. पण जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातून डबे पुसल्याचा आवाज यायला लागला, आणि तो काही थांबेना. मी चपला घातल्या आणि तडक मेहुण्याचं दुकान गाठलं.

तो एका सोफ्याच्या पोटात डोकं घालून बसला होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही महिन्यातून एकदा आईंना घेऊन या. त्यांना सांगा, कोड चालत नाही."

त्याने तोंडातले खिळे हातावर काढले. "भाऊजी, कोडचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या पाटीवर खालीच बारीक अक्षरांत लिहिलंय की."

"मग एवढं धूड कशाला उचलत होतात?"

"आई तुमच्याकडे येईल असं एकच काम मला इतक्या वर्षांत सापडलं होतं," तो म्हणाला. "तेवढं तुम्ही नियम वाचून घालवलंत."

असा शालजोडीतला मला कुणी मारला नव्हता. आणि मारणारा निवांतपणे स्प्रिंग बसवत होता.

घरी येईपर्यंत मी ठरवलं. फोनवर खातं उघडलं आणि पासवर्ड बदलून टाकला. संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे सासूबाईंचाच फोन आला. मेहुणा दुकानात होता, आणि मालिका ऐन मधे बंद पडली होती.

"कंपनीने नियम बदलला, आई," मी म्हणालो. मला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे मी गरजेपेक्षा मोठ्याने बोलत होतो. "आता कोड चालत नाही. टीव्ही घेऊन इथेच यावं लागेल. माणसांसकट. दिवसभर."

जन्मभर ज्या बाईने खोटी तिकिटं अंधारात नुसत्या बोटांनी ओळखली, तिच्याशी मी खोटं बोलत होतो.

"असं कंपनी म्हणते?"

"हो."

"माणसांसकट, असं लिहिलंय?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात फडकं घेऊन उभी होती.

"जावईबापू, कंपनी म्हणते की तुम्ही म्हणताय?"

"मी म्हणतोय, आई," मी म्हणालो. आवाज आपोआप खाली आला. "कंपनीचं काही नाही. काम पण काही नाही. तुम्ही या."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग टीव्ही राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "फार जड आहे तो. मी उद्या सकाळी रिक्षाने येते."